हीटसिंक हाताला कोमट, सॉफ्टवेअरमध्ये ९८: खरं कोणाचं?

कात्रज_बोगदा

इंटेलचा आय५-१०४०० प्रोसेसर, त्याच्या डबीतच आलेला गोल अ‍ॅल्युमिनियमचा कूलर (पात्यांचा हीटसिंक आणि त्यावर फॅन), बी४६० मदरबोर्ड, कॅबिनेटला मागे एक फॅन. खोली वरच्या मजल्यावर, धायरीत. सध्या दुपारी खोलीतच ३४ अंश असतात.

रेंडर (प्रोसेसरला पूर्ण राबवणारं काम) लावला की दोन मिनिटांत एचडब्ल्यूइन्फो हे सेन्सर वाचणारं सॉफ्टवेअर ९७-९८ अंश दाखवतं. मग ४.० गिगाहर्ट्झवर चाललेला क्लॉक (प्रोसेसरचा वेग) घसरून ३.४ च्या आसपास येतो आणि फॅन पूर्ण वेगाने ओरडत राहतो. पण कॅबिनेटची बाजू उघडून हीटसिंकच्या काठाला बोट लावलं तर तो नुसता कोमट. चटका तर सोडाच, बोट आरामात ठेवता येतं. आयडलला, म्हणजे काम नसताना, ४५-४६ असतात.

महिन्यापूर्वी धूळ काढण्यासाठी कूलर काढला होता, प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये नवीन थर्मल पेस्ट लावून परत बसवला. त्याआधीचे आकडे नोंदवलेले नाहीत.

तीन प्रश्न. लोडवर हीटसिंक हाताला किती गरम लागायला हवा? सेन्सर खोटं बोलतोय का? आणि उन्हाळा संपायच्या आत मोठा, उभा टॉवर कूलर घेऊन टाकावा का?

तापकीर_गल्ली

तिसऱ्याचं उत्तर आधी देतो: नको. १०४०० चे ६५ वॅट हा डबीतला कूलर पेलतो. आवाज करतो, रूपाने यथातथाच आहे, पण पेलतो. रेंडरला ३४ च्या खोलीत ७५ ते ८२ आले असते तर मी काहीच म्हटलं नसतं. ९८ म्हणजे कूलर लहान आहे असं नव्हे, बसवण्यात काहीतरी राहिलंय.

सेन्सर खोटा नाही. इंटेलच्या प्रत्येक कोरमध्ये स्वतंत्र डिजिटल सेन्सर असतो आणि तो कमाल मर्यादेपासून, म्हणजे तुमच्या प्रोसेसरला १०० अंशांपासून, आपण किती खाली आहोत ते मोजतो. त्यामुळे मर्यादेजवळ तो सगळ्यात भरवशाचा असतो आणि आयडलच्या आकड्यांना सगळ्यात कच्चा. तुमच्या ४५ वर मी दोन-चार अंश इकडेतिकडे सोडेन, ९८ वर नाही. शिवाय क्लॉक उतरतोय, म्हणजे प्रोसेसर स्वतःसुद्धा त्याच आकड्यावर विश्वास ठेवून वागतोय.

आता हाताचं. तळहाताची त्वचा साधारण ३२ ते ३४ अंशांना असते आणि हात स्वतःशीच तुलना करतो. त्याच्या खालचं सगळं गार, वरचं सगळं गरम. मे महिन्यात ३४ च्या खोलीत बंद कॉम्प्युटरचा हीटसिंकही गार लागत नाही. डिसेंबरमध्ये तोच लोड असताना नुसता ऊबदार वाटेल. त्यातून अ‍ॅल्युमिनियम उष्णता झटकन बोटात सोडतं, म्हणून ५० अंशांचं प्लास्टिक सुसह्य वाटतं आणि ५० अंशांचा धातू भाजतो. स्टीलच्या पेल्यातला चहा आणि कपातला चहा, तोच फरक.

जाड, सलग धातूसाठी माझी पट्टी अशी: ३५ पर्यंत काही कळत नाही. ३६ ते ४२ कोमट. ४३ ते ४८ स्पष्ट गरम, पण बोट राहतं. ५० ते ५५ ला काही सेकंदांत बोट काढावंसं वाटतं. ६० च्या वर हात आपोआप मागे येतो. तिथे हट्टाने बोट ठेवू नका, फोड येईल. तुमच्या लोडवर हीटसिंकचा गाभा ५५ ते ६० ला असायला हवा, म्हणजे धरवणार नाही इतका. तुमचा कोमट आहे, म्हणजे उष्णता प्रोसेसरमध्येच अडकलीये, हीटसिंकपर्यंत पोचतच नाहीये. संपर्क नीट नाही. कूलर काढून परत बसवा.

चाचपताना एवढं पाळा. हात कोरडे ठेवा, अंगठी काढा आणि बोट बाजूने आणा. पंख्याच्या पात्यात गेलं तर नख सोलतं. सॉकेटशेजारच्या चौकोनी हीटसिंकला हात लावायच्या फंदात पडू नका. त्यांच्याखाली प्रोसेसरला वीज पुरवणारे मॉसफेट असतात, ते ८०-९० ला बिनघोर काम करतात, तुमचं बोट करत नाही.

वॅट_आधी

निष्कर्ष बहुतेक बरोबर आहे, कारण मात्र चुकलंय. हाच गैरसमज सगळीकडे फिरत असतो म्हणून जरा लांबण लावतो.

उष्णता "अडकत" नाही. प्रोसेसर ५० वॅट खातोय तर ते ५० वॅट बाहेर पडणारच. त्यातले थोडेसे सॉकेटमधून बोर्डात उतरतात, बाकी सगळे पेस्ट ओलांडून हीटसिंकमध्येच येतात, मग पेस्ट नवी असो नाहीतर वाळून खडू झालेली असो. गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. नळी अर्धी चोंदली आणि तरीही खाली तेवढंच पाणी हवं असेल तर टाकी वर चढवावी लागते. खराब संपर्कात प्रोसेसर नेमकं तेच करतो: तेवढेच वॅट ढकलण्यासाठी स्वतः जास्त तापतो. खाली येणारं पाणी तेवढंच, म्हणून हीटसिंकही तेवढाच तापायला हवा.

मग कोमट का? कारणं तीन, आणि तुमच्याकडे तिन्ही असावीत. पहिलं, प्रोसेसरने क्लॉक उतरवलाय, म्हणजे वॅटच कमी झालेत. दुसरं, फॅनचा वेग प्रोसेसरच्या तापमानावर ठरतो, हीटसिंकच्या नाही. कोर ९८ म्हटल्यावर फॅन पूर्ण वेगाने सुटतो आणि हीटसिंकला गरजेपेक्षा जास्त वारा मिळतो. तिसरं, तुम्ही काठाला बोट लावलंत. त्या पात्या जेमतेम मिलिमीटरभर जाड, टोकाकडे तापमान उतरलेलं, बोटाला टेकतात त्या नुसत्या कडा, वरून वारा. ती कडा बोटानेच गार होते. मधल्या जाड दांड्याला बोट पोचलं तर वेगळी कहाणी ऐकू येईल.

म्हणून "हीटसिंक किती गरम हवा" याला वॅट माहीत असल्याशिवाय उत्तरच नाही. हिशोब सोपा आहे:

हीटसिंकचा तळ = फॅनला मिळणारी हवा + वॅट × हीटसिंकचा रोध
कोर = हीटसिंकचा तळ + वॅट × संपर्काचा रोध

रोध म्हणजे दर वॅटमागे किती अंश चढतात. तुमच्या प्रकारच्या कूलरला तळ ते हवा ०.३ ते ०.४ धरा. कोर ते तळ हा टप्पा नीट बसवलेल्या १०४०० ला ०.३ च्या आगेमागे असायला हवा. हे हिशोबापुरते आकडे आहेत, कुठल्या पत्रकातले नाहीत.

चार आकडे द्या. एचडब्ल्यूइन्फोमधली सीपीयू पॅकेज पॉवर, म्हणजे प्रोसेसर खात असलेले वॅट. फॅनच्या वर दोन-तीन सेंटिमीटरवरची हवा. हीटसिंकच्या तळाचं तापमान. आणि त्याच क्षणाचा कोरचा आकडा. लोड किमान दहा मिनिटं सलग चालू द्या. हीटसिंक पाव किलोचा धरला तर त्याला १ अंश चढवायला सुमारे २२५ ज्यूल लागतात, म्हणजे ६५ वॅटला साडेतीन सेकंद, आणि तेही वारा नसताना. पहिल्या अर्ध्या मिनिटात बोट लावून "गार आहे" म्हणण्यात अर्थ नाही. कॅबिनेटमधली हवा स्थिरावायला तर आणखी वेळ लागतो.

तळ मोजायला तापमानाची सोय असलेला साधा मल्टिमीटर, डीटी-८३८ जातीचा, पुरतो. सोबत टोकाला तापमान मोजणारी के-टाइपची वायर येते. तिचं टोक मधल्या दांड्याला, बोर्डाच्या बाजूने जमेल तितकं खाली, कॅप्टॉन टेपने (उष्णता सोसणाऱ्या टेपने) घट्ट चिकटवा आणि वरून टेपचा आणखी एक थर द्या, म्हणजे वारा थेट लागणार नाही. वायर प्रोसेसर आणि हीटसिंकच्या मध्ये मात्र घालू नका, तिथे तिच्या जाडीने संपर्कच बिघडतो. बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर चकचकीत अ‍ॅल्युमिनियमवर रोखू नका. चमकदार धातू स्वतःची उष्णता फारच कमी उत्सर्जित करतो आणि समोरच्या भिंतीची परावर्तित करतो. ६० ला असलेला हीटसिंक ३८ दिसेल. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून, तो तापू देऊन, त्यावर रोखा.

मीटर नसेल तर फुकटची युक्ती. एचडब्ल्यूइन्फोमध्ये वाचनाचा अवधी २००० वरून ५०० मिलिसेकंद करा. दहा मिनिटांच्या लोडनंतर रेंडर एका झटक्यात थांबवा आणि कोरच्या आलेखाकडे पाहा. तो आधी कड्यावरून पडल्यासारखा कोसळतो, एक-दोन सेकंदांत, आणि मग घाटासारखा हळूहळू उतरतो. जिथे कडा संपून घाट सुरू होतो तो आकडा हीटसिंकच्या तापमानापेक्षा थोडाच वर असतो. कडा जितका उंच तितका संपर्क वाईट. घाट जितका लांब तितकं हवेकडचं काम कच्चं.

कात्रज_बोगदा

मीटर मिळाला. रेंडर वीस मिनिटं, बाजू लावलेली.

पॅकेज पॉवर ५२ वॅट. फॅनवरची हवा ३७. दांड्याचा तळ ५२. पात्यांचा काठ ४६ (तरी बोटाला कोमटच). कोर ९८. फॅन १०० टक्के.

लोड थांबवल्यावर ९८ वरून दोन सेकंदांत ५९, आणि मग पाचेक मिनिटांत ४५ पर्यंत.

वॅट_आधी

हवा ३७, तळ ५२: १५ अंश, ५२ वॅट. भागिले ०.२९. हीटसिंक, फॅन, धूळ, कॅबिनेटची हवा, सगळं ठणठणीत. म्हणजे टॉवर कूलर घेतलात तरी या १५ अंशांतलेच काही वाचले असते.

तळ ५२, कोर ९८: ४६ अंश, ५२ वॅट. भागिले ०.८८. हव्या त्याच्या जवळजवळ तिप्पट. ३९ अंशांचा कडाही तेच सांगतो. आयडलचे ४५ सुद्धा यातच बसतात: ८ वॅटला संपर्काचेच ७ अंश.

खरे ६५ वॅट न जाता ५२ च का, तेही आता कळेल. ९८ च्या वर जागाच उरलेली नाही, म्हणून प्रोसेसर वॅट कापतोय.

डबीतल्या कूलरला संपर्क बिघडण्याचं पहिलं संशयित ठिकाण म्हणजे चारपैकी एक पिन न बसणं. कूलर तिरका राहतो, एका कोपऱ्यात पेस्टचा थर जाड होतो. बोर्ड बाहेर न काढता आधी तपासा: कॅबिनेटच्या मागच्या पत्र्याला सॉकेटमागे खिडकी असेल तर टॉर्च मारून पाहा. चारही भोकांतून पांढऱ्या पिनचे दोन पाय फाकलेले आणि त्यांच्या मधोमध काळा खिळा बाहेर आलेला दिसला पाहिजे. एखादीत काळा खिळा दिसत नसेल तर सापडलं.

तापकीर_गल्ली

"अडकलीये" हा शब्द मागे घेतो. टाकी बरोबर आहे.

पिनांचं मात्र माझ्याकडून घ्या, कारण लोक इथे बाणाचा अर्थ उलटा लावतात. पिनच्या टोपीवरचा बाण *सोडवण्याची* दिशा दाखवतो. बसवताना आधी चारही टोप्या बाणाच्या उलट, अडेपर्यंत फिरवून ठेवायच्या आणि काळा खिळा वर ओढून घ्यायचा. मग चारही पांढरे पाय भोकांत नीट उतरलेत याची खात्री करायची. एखादा पाय वाकून भोकाच्या काठावर बसला तर कितीही दाबा, तो जाणार नाही, तुटेल. मग तिरक्या जोड्या: डावा वरचा आणि उजवा खालचा एकाच वेळी, दोन अंगठ्यांनी, टक् आवाज येईपर्यंत. नंतर दुसरी तिरकी जोडी. एका बाजूच्या दोन आधी दाबल्या की पलीकडची बाजू वर उचलते आणि तिथल्या पिना अर्धवट राहतात. शेवटी प्रत्येक टोपी हलकेच वर ओढून बघायची.

दाबताना बोर्ड बराच वाकतो, घाबरून मध्येच सोडू नका. पण म्हणूनच बोर्ड कॅबिनेटबाहेर, त्याच्या डबीच्या पुठ्ठ्यावर ठेवून हे करणं बरं. खालून पिना दिसतातही.

कूलर एकदा उचलला की जुनी पेस्ट पुसायचीच, परत तशीच टेकवायची नाही; मध्ये हवेचे फुगे राहतात. ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चष्म्याचं कापड. औषधाच्या दुकानातलं स्पिरिट घेतलंत तर त्यात पाणी आणि कधी इतर काही असतं, डाग राहतो. टिश्यूचे तंतू राहतात. नवी पेस्ट मधोमध हरभऱ्याच्या डाळीएवढी, साधारण ०.२ ग्रॅम; ४ ग्रॅमच्या सिरिंजमधून वीसेक वेळा होते. पसरवू नका, कूलरचा दाबच पसरवतो. पोळीला तूप लावल्यासारखी पेस्ट थापणारे लोक पाहिले की वाईट वाटतं: पेस्ट धातूपेक्षा कितीतरी पट वाईट वाहक आहे, ती फक्त धातूच्या बारीक खाचा भरायला असते. काढल्यावर जुन्या पेस्टचा ठसा फोटो काढून ठेवा. एक कोपरा जाड आणि चमकदार, समोरचा पातळ, असं दिसलं की निदान तिथेच झालं.

लोहगाव_चाळीस

याच धाग्यात घुसतो. एएमडीचा रायझन ५ ३६०० प्रोसेसर, चार हीटपाइपचा टॉवर कूलर, १२० मिलिमीटरचा फॅन. लोडवर ७६, पण टॉवरच्या पात्या गारच म्हणाव्यात अशा. पॉवर ८० वॅटच्या आसपास. वरच्या हिशोबाने माझाही संपर्क खराब का? आयडलला तर आकडा ४० वरून ५५ वर उड्या मारतो.

वॅट_आधी

नाही. तुमचा हीटसिंक गारच असायला हवा.

३६०० चे सगळे कोर ७४ चौरस मिलिमीटरच्या एका चिपलेटमध्ये (सिलिकॉनच्या तुकड्यात) आहेत, नखापेक्षाही लहान, आणि तोही प्रोसेसरच्या धातूच्या झाकणाखाली मधोमध नाही, एका बाजूला. ८० पैकी बहुतेक वॅट त्या नखातून बाहेर पडतात. अडचण तिथेच, सिलिकॉन ते झाकण एवढ्याच अंतरात होते. पेस्ट आणि कूलर कितीही उत्तम असले तरी तिथले अंश वाचत नाहीत. त्यामुळे तुमच्यासाठी कोर ते तळ ०.४ ते ०.५ हे सामान्य. ८० वॅटला ३२ ते ४० अंश. टॉवर ते हवा ०.१५ धरलं तर फक्त १२. हवा ३० असेल तर पाइपांचा तळ ४२ आणि पात्या त्याहून कमी: म्हणजे कोमट किंवा काहीच नाही. ३० + १२ + ३४ = ७६. चोख बसतं. एएमडीची मर्यादा ३६०० ला ९५ आहे, काळजी नको.

आयडलच्या उड्या त्या लहान चिपलेटमुळेच. एक कोर क्षणभर पूर्ण वेगाने जागा झाला की तेवढा ठिपका १५ अंश चढतो, हीटसिंकला पत्ताही लागत नाही. त्रास आकड्याचा नाही, फॅनचा होतो, तो सतत वरखाली गुरगुरतो. बायॉसमध्ये (बोर्डाच्या सेटिंगमध्ये) फॅनला प्रतिसादाचा उशीर द्यायची सोय असते, तीन-चार सेकंद ठेवा.

टॉवरला पात्यांऐवजी पाइप चाचपा. तळाशी वाकतात तिथे आणि वर टोपीतून बाहेर येतात तिथे. चांगल्या पाइपची दोन टोकं जवळजवळ सारखीच ऊबदार लागतात, कारण आत पाण्याची वाफ उष्णता वाहून नेते. चारपैकी एका पाइपचं वरचं टोक गार आणि खालचं गरम असेल तर तो पाइप मेला, त्यातली वाफ निघून गेली. मात्र कडेचे पाइप मधल्यांपेक्षा थोडे कमी गरम असणं यात दोष नाही, चिपलेट त्यांच्याखाली येतच नाही.

तापकीर_गल्ली

लोहगाव, कधी कूलर काढलात तर एक लक्षात ठेवा. एएम४ ला, म्हणजे तुमच्या सॉकेटच्या जातीला, प्रोसेसरच्या खाली १३३१ पिना आहेत आणि सॉकेट त्याला नुसतं चिमटीत धरतं, वरून पत्रा नाही. गार असताना कूलर सरळ वर उपटला तर घट्ट पेस्टमुळे प्रोसेसर कूलरबरोबर उपटून येतो, खटका लावलेला असतानाही, आणि पिना वाकतात. आधी दहा मिनिटं लोड चालवून पेस्ट मऊ करा, बंद करा, लगेच स्क्रू सोडा आणि कूलर डावी-उजवीकडे हलकेच पिळत सुटा करा. सुटल्याची जाणीव होते, मगच उचला.

पाषाण_टेकडी

पुणे समुद्रसपाटीपासून ५६० मीटरवर, हवा विरळ. मुंबईच्या लोकांचे आकडे आपल्याला लागू होत नाहीत, हे कोणी बोललंच नाही.

वॅट_आधी

हवेची घनता सुमारे ६ टक्के कमी. फॅनचा वेग तोच असेल तर कात्रजवाल्यांच्या १५ अंशांत यातून अर्धा-पाऊण अंश वाढतो. मुंबईकरांना तेवढं मोठेपण देऊन टाकू.

खोलीचं तापमान मात्र पूर्ण मोजावं लागतं. खोली १ अंश वर, तर कोर जवळजवळ १ अंश वर. मे मधल्या ३४ ला ७८ येत असतील तर डिसेंबरच्या २२ ला त्याच लोडवर ६६ येतील. मंचावर कोणी "माझे ६२ येतात" म्हटलं की आधी महिना विचारा आणि मग एसी.

कात्रज_बोगदा

वेगळंच एक. बाजू काढून चाचपताना कॅबिनेटच्या पत्र्याला मनगट लागलं की झिणझिण्या येतात. हीटसिंकमधून येतंय का?

तापकीर_गल्ली

हीटसिंकचा संबंध नाही, हे अर्थिंगचं आहे आणि ते गमतीवारी नेऊ नका. एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आत विजेतला गोंगाट गाळण्यासाठी फेज आणि न्यूट्रलपासून पत्र्याकडे दोन लहान कपॅसिटर असतात. सॉकेटला अर्थिंग नसेल तर त्या दोघांच्या मध्ये पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर निम्मा दाब, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास, दिसतो. करंट अगदी थोडा, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण हे फक्त एसएमपीएस धडधाकट आहे तोवर; आतली वायर पत्र्याला लागली तर जीवघेणा प्रसंग. जुन्या इमारतींत तीन भोकांच्या सॉकेटमागे तिसरी वायरच नसते, नाहीतर एक्स्टेन्शन बोर्ड दोन पिनांचा असतो. मल्टिमीटर आलाच आहे तर एसी ७५० वर ठेवून फेज-अर्थ मोजा: २३० च्या जवळ हवं. न्यूट्रल-अर्थ एक-दोन व्होल्ट. तसं नसेल तर वायरमन बोलवा, आणि तोवर उघड्या कॅबिनेटमध्ये हात घालू नका. कूलरचं कामही स्विच बंद करून, प्लग काढूनच.

कात्रज_बोगदा

एक्स्टेन्शन बोर्डच. आतली अर्थची वायर स्क्रूतून सुटलेली होती. बदलला, फेज-अर्थ २३१, झिणझिण्या गेल्या.

बोर्ड बाहेर काढला. एसएमपीएसच्या बाजूची खालची पिन: पांढरे पाय भोकात, पण काळा खिळा अर्ध्यावर. पेस्टच्या ठशात तो कोपरा जाड आणि ओला, समोरचा पातळ. चारही टोप्या बाणाच्या उलट फिरवून, तिरक्या जोड्यांनी परत बसवलं. चार वेळा टक् ऐकू आला. आधी दोनदाच आला होता की काय, आता आठवत नाही.

तोच रेंडर, वीस मिनिटं, खोली ३४. पॅकेज पॉवर ६५ वॅट. फॅनवरची हवा ३७. दांड्याचा तळ ५९. काठ ५१. कोर ७८. फॅन ७५ टक्क्यांवर. क्लॉक ३.८ ते ३.९. थांबवल्यावर ७८ वरून ६१.

आणि हीटसिंक आता हाताला खरंच गरम. काठाला बोट चार-पाच सेकंदांच्या वर ठेववत नाही, दांड्याला तर टेकवतच नाही.

वॅट_आधी

१९ भागिले ६५, ०.२९. बसलं. हीटसिंक ७ अंश वाढला कारण १३ वॅट जास्त येतायत आणि फॅन सावकाश फिरतोय. ४.० पूर्ण मिळत नाही ते तापमानामुळे नव्हे, ६५ वॅटच्या मर्यादेमुळे: पहिली २८ सेकंद प्रोसेसर १३४ वॅटपर्यंत जाऊ शकतो, मग सरासरी ६५ वर आणतो. बायॉसमध्ये मर्यादा उठवायचा पर्याय असेल, पण मे महिन्यात, या कूलरवर, उठवू नका. १० वॅट वाढले की कोरला सहा-सात अंश चढतील आणि रेंडर वाचेल तो मिनिटाला सेकंद-दोन सेकंद.

फॅन सीपीयू फॅनच्याच कनेक्टरला, पीडब्ल्यूएम मोडवर (बोर्ड वेग कमीजास्त करतो त्या) आहे ना ते बघा. फॅनचा वेग असा ठेवा: ५० अंशांना ४० टक्के, ७० ला ६५, ८५ ला १००. रात्री आवाज कमी लागेल.

कात्रज_बोगदा

ठेवलं. ७९ वर स्थिर, आवाज निम्मा. आता दुसरा कॉम्प्युटर उघडतो, त्याचा हीटसिंक आयडललाच गरम लागतो.

तापकीर_गल्ली

आयडलला गरम म्हणजे आधी फॅन फिरतोय का पाहा, मग पात्यांच्या आणि फॅनच्या मध्ये धुळीचा नमदा बसलाय का. तिकडे बांधकामं चालू असतील तर सहा महिन्यांत चादर तयार होते. ब्लोअर मारताना पंखा बोटाने धरून ठेवा, भरधाव फिरू दिलात तर बेअरिंग जातं. आणि त्याचे वॅट किती, ते पहिल्याच पोस्टमध्ये टाका.